सप्ता बसवायचाय? आधी पहाऱ्याची वही आणि भाकरीचा हिशोब मांडा

आमचं गाव गोदाकाठचं, 180 उंबऱ्यांचं. चैत्र शुद्ध अष्टमीला मारुतीच्या देवळात सप्ता बसतो, म्हणजे सात दिवस-रात्र अखंड हरिनाम, आणि आठव्या दिवशी, हनुमान जयंतीला, काल्याच्या कीर्तनानं त्याची सांगता होते. कोठीच्या किल्ल्या आणि पहाऱ्याची, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायच्या पाळ्यांची, वही माझ्याकडे असते. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर नव्यानं सप्ते बसायला लागलेत. तिथली मंडळी विचारायला येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कीर्तनकार कोण आणावेत?” मी म्हणते, ते सगळ्यात शेवटी ठरवा. बिदागी दिली की कीर्तनकार येतात. पहाटे दोन वाजता गळ्यात वीणा घेऊन उभं राहणारा माणूस मात्र गावातलाच लागतो. तो भाड्यानं आणायची वेळ आली तर सप्ता गावाचा राहिला नाही, मंडपवाल्याचा झाला असं समजा.

म्हणून कामाची वाटणी आधी. प्रत्येक उंबऱ्याच्या वाट्याला काहीतरी आलंच पाहिजे, आणि नुसती वर्गणी म्हणजे वाटा नव्हे.

तारीख आणि बैठक

तिथी पंचांगात बघून ठेवा. अष्टमी ते पौर्णिमा असे आठ दिवस धरतो, पण मधल्या एखाद्या तिथीचा क्षय असला तर एक दिवस आधी बसावं लागतं, नाहीतर अखंड सात दिवस भरत नाहीत. दुसऱ्या दिवशी रामनवमी येते, म्हणजे दुपारी बाराचा पाळणा आणि सुंठवडा. चौथ्या दिवशी एकादशी येते, तिचं पुढे सांगते. आमच्याकडे या दिवसांत उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते, ते ध्यानात ठेवूनच सगळं मांडावं लागतं. शेजारच्या गावाचा सप्ता त्याच आठवड्यात नाही ना, हेही विचारून घ्या. नाहीतर पखवाजवाला एक आणि गावं दोन, अशी ओढाताण होते.

बैठक महिना-दीड महिना आधी, देवळाच्या ओट्यावर. वॉट्सॲपच्या ग्रुपवर निरोप टाकला म्हणजे बोलावणं झालं असं नाही. मळ्यातल्या घरी, शेवटच्या वस्तीवर, कुणीतरी जाऊन तोंडानं सांगून यावं. आणि बैठकीला बायका असल्याच पाहिजेत. आमच्या सासऱ्यांच्या काळी पुरुष ठरवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन फक्त आकडा सांगायचे, “उद्यापास्नं पाच भाकरी जास्तीच्या.” ज्यांच्या हाताला पीठ लागणार आहे त्यांना आधी विचारलं तर भाकरी बिनबोभाट येतात.

वर्गणी आम्ही घरटी 500 रुपये ठेवली आहे, सगळ्यांना सारखी. ज्याला जास्त द्यायचं त्यानं गहू, तांदूळ, डाळ, तेलाचा डबा द्यावा. ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं पायली-दोन पायली ज्वारी द्यावी किंवा मांडव घालायला एक दिवस यावं, तीही वर्गणीच. वहीत रक्कम आणि काम एकाच रकान्यात लिहायचं. देवस्थानचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पावत्या त्याच्याच नावानं फाडा. नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून तात्पुरती परवानगी काढा. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41क खाली ती मिळते. लोक हसतात, “सप्त्याला कसली परवानगी?” म्हणतात, पण हिशोबावरून एखाद्याचं बिनसलं की तोच कागद कामाला येतो.

निवडणुकीचं वर्ष असेल तर आणखी एक नियम पहिल्याच बैठकीत करा. इच्छुकानं पंगत द्यायची नाही आणि देवळाच्या आवारात कुणाचाही फ्लेक्स लागायचा नाही. एकाची पंगत घेतली की दुसरा त्याहून मोठी देतो, आणि तिसऱ्याच्या घरचे जेवायला येत नाहीत.

पहारा

वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवायची नाही, यावर सप्ता उभा असतो. हिशोब सोपा आहे. दिवसाला दोन-दोन तासांचे 12 पहारे, सात दिवसांचे 84. आमच्याकडे पहिल्या दिवशी सकाळी दहाला ध्वज, कलश आणि वीणापूजन होऊन पहिला पहारा लागतो. शेवटचा पहारा आठव्या दिवशी दहाला, काल्याचं कीर्तन उभं राहताना सुटतो. एका पहाऱ्याला दोन घरं दिली की 168 घरं लागतात. उरलेली 12 राखीव. त्यात नुसती म्हातारी माणसं असलेली घरं येतात, बाळंतिणीचं घर येतं, आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर बदली देऊ शकणारी दोन-तीन घरंही मुद्दाम ठेवायची.

दोन घरं जोडताना डोकं लावा. एका घरात टाळ धरता येणारा असला तर दुसरं घर नवखं चालतं. दोन्ही घरं नवखी पडली तर पाऊण तासात आवाज बसतो. भाऊबंदकीतला वाद चालू असलेली घरं एकत्र घालावीत की नाही, यावर आमच्याकडे दरवर्षी चर्चा होते. माझं मत, घालू नयेत. बांध मोडल्याचा राग टाळ वाजवून जात नाही, उलट देवळात तोंडं फिरवून बसलेले बघून पोरं खुसखुसतात.

वेळा वाटताना प्रत्येक घराचा दिवस कसा जातो हे माहीत पाहिजे. दूधवाल्यांना पहाटेचा आणि सांजेचा पहारा देऊ नका, त्यांच्या धारा आणि डेअरीची वेळ तीच असते. त्या आठवड्यात कुणाच्या शेतातल्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, रात्रीची लाईट आहे ते विचारा, त्यांना रात्री मोटर सोडून येता येत नाही. कांदा काढणीवाल्यांना सकाळ मोकळी ठेवा. दुपारचे पहारे, विशेषतः बाजाराच्या दिवशीचे, आम्ही बायका घेतो. वीणा बायकांनी घ्यावी की नाही यावर पूर्वी कुजबुज व्हायची. आता दुपारी देवळात दुसरं कुणी नसतंच, म्हणून तीही थांबली.

राहिला रात्री बारा ते चार. आमच्या भागात उसामुळे बिबट्याची भीती खरी आहे, त्यामुळे मळ्यातल्या घरांना हे दोन पहारे द्यायचेच नाहीत. गावठाणातल्यांनी घ्यायचे. कॉलेजच्या पोरांबरोबर एखादे झोप न येणारे आजोबा जोडून दिले की पोरं मोबाईल काढत नाहीत आणि आजोबांना अभंग म्हणायला सोबत मिळते. पहारा सुटायच्या अर्धा तास आधी पुढच्या घरी फोन करायचा, ही जबाबदारी पहाऱ्यावर असलेल्यांची. फोन उचलला नाही तर एकानं जाऊन दार वाजवायचं. चहाचं सामान आणि स्टोव्ह देवळामागच्या खोलीत, काड्यापेटीसकट.

वीणा देण्या-घेण्याची रीत नवख्यांना आधी दाखवून ठेवा. घेणारा आधी वीणेला नमस्कार करतो, मग देणाऱ्याच्या पाया पडतो. देणाराही घेणाऱ्याच्या पाया पडतो, तो नातवाच्या वयाचा असला तरी. वीणा गळ्यातून थेट गळ्यात जाते. घेणाऱ्याचं बोट तारेवर पडेपर्यंत देणाऱ्यानं आपलं बोट काढायचं नाही, आणि तोंडातलं ‘रामकृष्ण हरी’ दोघांचंही चालू राहिलं पाहिजे. पट्टा उंचीप्रमाणे कमी-जास्त करावा लागतो, ते काम तिसऱ्यानं करायचं. तारांचा एक जादा जोड आणि त्या बसवता येणाऱ्या माणसाचा नंबर वीणेच्या खोक्यावर लिहून ठेवा.

सगळी यादी मोठ्या पुठ्ठ्यावर, जाड अक्षरात, देवळाच्या दारात लावा. मोबाईलवर फोटो पाठवा, पण पुठ्ठा हवाच. आपलं नाव दारात लिहिलेलं दिसलं की माणूस सहसा चुकत नाही.

दिवसाचा क्रम

पहाटे चार ते सहा काकडा, आठच्या सुमारास ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, चारला प्रवचन, सांजेला हरिपाठ, मग पंगत, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. गावोगाव थोडाफार फरक असतो.

पारायणाला व्यासपीठ चालवणारा जाणकार बसवा, कारण अध्यायांची वाटणी चुकली तर शेवटी धावपळ होते. 18 अध्याय भागिले सात दिवस असा हिशोब करू नका. तेरावा अध्याय 1170 ओव्यांचा आणि अठरावा 1810 ओव्यांचा. नऊ हजारांवर ओव्यांच्या ग्रंथाचा तिसरा हिस्सा या दोन अध्यायांतच आहे. आमच्याकडे सातव्या दिवशी फक्त अठरावा ठेवतात. पहिले अध्याय लहान आहेत म्हणून सुरुवातीला संथ वाचत बसलं तर तेरावा आला की वाचकांचे गुडघे बोलायला लागतात. वाचायला बसणाऱ्यांना पाठीला टेकू मिळेल अशा भिंतीच्या जागा म्हाताऱ्यांसाठी धरून ठेवा.

लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री बारापर्यंत सवलत मिळू शकते, पण ते दिवस सरकार ठरवतं. तुमचा सप्ता त्यात असेलच असं नाही. म्हणून कीर्तन साडेसातला उभं करा, साडेनऊला आरती. काकडा बिनभोंग्याचा. काही ज्येष्ठ मंडळींना हे रुचत नाही, पण मला विचाराल तर पहाटेचा काकडा नुसत्या टाळांवरच ऐकावा. वीज घ्यायची तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या, तारेवर आकडा टाकून देवाचं काम करू नका. मांडवात लोखंडी खांब असतात आणि लहान पोरं त्यांनाच लोंबकळत असतात.

कीर्तनकारांचं थोडक्यात सांगते. सात रात्री आणि एक काला, म्हणजे आठ कीर्तनं. एखादं नाव मोठं असू द्या, बाकीच्यांना आपल्या तालुक्यातली तरुण मंडळी बोलवा. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकून आलेली मुलं-माणसं आता भोवतालच्या गावांत आहेत, चांगलं निरूपण करतात आणि मानधनासाठी अडून बसत नाहीत. कीर्तनकाराच्या जेवणाची, मुक्कामाची सोय एका घराकडे नक्की करून द्या. “बघू कुणीतरी” म्हटलं की त्या रात्री महाराज गाडीतच झोपतात.

घरटी चार भाकरी

आता माझं खातं. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा श्रावणातला सप्ता आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे लाखोंची पंगत आमटी-भाकरीवर उठते आणि भाकरी गावोगावहून गाड्या भरून येतात. आपल्या गावाला तीच रीत लहान मापात चालते.

रोज सांजेच्या पंगतीला आमच्याकडे साधारण 300 माणसं असतात. माणशी दोन भाकरी धरल्या तर 600. घरटी चार मागितल्या तर 720 होतात. म्हणजे तीस घरांना कुलूप असलं तरी पंगत अडत नाही. किलोभर पिठाच्या आठ भाकरी होतात, तेव्हा प्रत्येक घराला अर्धा किलो पीठ पडतं. ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि कोठीला रोजचं 90 किलो पीठ, भाकरी थापणारी माणसं आणि तेवढं जळण वाचतं. कोठीतून फक्त आमटी करायची. शंभर माणसांना चार किलो तूरडाळ, म्हणजे रोज 12 किलो. जोडीला ठेचा आणि कांदा.

भाकरी गोळा करायला चार दुरड्या चार दिशांना पाठवायच्या. बांबूची दुरडी, आत धुतलेलं जुनं धोतर, वरून झाकायला त्याचंच दुसरं टोक. प्लास्टिकच्या पिशवीत एकही भाकरी घ्यायची नाही. गरम भाकरीला घाम सुटतो आणि दहा मिनिटांत पापुद्रा ओला चिकट होतो. थेट एकावर एक थप्पी न लावता दुरडीच्या कडेनं तिरप्या उभ्या लावल्या की वाफ निघून जाते आणि खालच्या दबत नाहीत. ज्वारीच्या भाकरी पंगतीपर्यंत मऊ राहतात. बाजरीची भाकरी आली तर ती वेगळी ठेवून आधी वाढायला घ्यावी, गार झाली की ती कडक होते. पोरांना हे सगळं पहिल्या दिवशी एकदा हातानं करून दाखवावं लागतं.

दुरडी कुठून निघते याला महत्त्व आहे. देवळापासून सुरुवात केली की टोकाच्या घरांशी पोचेपर्यंत दुरडी भरते, पोरं म्हणतात “झालं आता” आणि परततात. म्हणजे राहून जातात ती नेमकी कडेची घरं, वेशीबाहेरची. कशी राहून जातात हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून आमच्या चारही दुरड्या आधी रिकाम्या शेवटच्या घरापर्यंत जातात आणि तिथून भरत देवळाकडे येतात. एकही दार वगळायचं नाही. कुणी “आमची चालेल का?” असं विचारलं तर पोरानं काही न बोलता दुरडी पुढं करायची.

देवळात आल्यावर चारही दुरड्या एका मोठ्या चादरीवर ओतायच्या आणि हातानं वरखाली करायच्या. ही जाड, ती करपलेली, ही पांढरीशुभ्र मालदांडी ज्वारीची. कोणती कुणाच्या घरची ते ओळखू येता कामा नये. आमच्या एक जाऊबाई सुरुवातीला आपल्या भाकरीला काठावर बोटानं खूण करायच्या. आम्ही काही बोललो नाही, नुसत्या मिसळत राहिलो. खूण बंद झाली.

रोजच्या पंगतीला ताट-तांब्या घरून आणायचा. पत्रावळींचा खर्च वाचतो, ढीगही होत नाही. ‘वदनी कवळ घेता’ झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. वाढप्यानं बादली घेऊन एका ओळीला एकच जिन्नस वाढत जायचं, मागून दुसरा येतो. पहिली पंगत पोरांची आणि म्हाताऱ्यांची. दुसऱ्या पंगतीला बायका बसतात आणि पुरुष वाढतात, हे आम्ही बैठकीत ठराव करून घेतलंय. दिवसभर चुलीपुढे बसलेल्या बाईनं रात्री साडेदहाला भांड्याच्या तळातली आमटी खावी, हे मला पटत नाही. कारखाना चालू असेल तर गावाशेजारी ऊसतोडवाल्यांच्या कोप्या असतात. त्यांना पंगतीचं बोलावणं रोज नव्यानं द्या. एकदा सांगून ती माणसं येत नाहीत, पण पोरं दुरून बघत असतात.

भाकरी उरल्या तर सकाळी कुस्करून फोडणीला टाका, काकड्याला आलेल्यांची न्याहारी होते.

एकादशीला दुरड्या निघत नाहीत. त्या दिवशी कोठीतून भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आणि साबुदाणा ज्याच्या त्याच्या घरी. भगर किती घ्यायची हा अंदाज दरवर्षी फसतो, कारण एकादशी न धरणारेही उत्साहानं येतात. दहा किलो जास्तीची आणून ठेवा आणि दुकानदाराशी फोडलेलं नसेल ते पोतं परत घ्यायचं बोलून घ्या. दुसऱ्या दिवशी बारस. उपवासवाल्यांना लवकर पारणं सोडायचं असतं, म्हणून त्या दिवशी सकाळीच वरण-भात टाकावा.

काल्याचा दिवस

या दिवशी माहेरवाशिणी, पाहुणे, पुणे-नाशिकला नोकरीला असलेली पोरं, सगळे येतात. आम्ही 1500 पानं धरतो. बुंदी, भात, आमटी आणि वांगं-बटाट्याची भाजी. पुरी नाही. पुरीला तेल जातं, लाटायला दहा बायका अडकतात आणि त्यांचं काल्याचं कीर्तन हुकतं. भाताला तांदूळ माणशी 100 ग्रॅम, म्हणजे 150 किलो. बुंदीला 40 किलो बेसन आणि 70 किलो साखर आम्हाला पुरते. बुंदी आदल्या रात्रीच पाडून, पाक मुरवून, पातळ कापडाखाली ठेवायची. आचारी बाहेरचा असला तरी काहिलीजवळ गावातला एक जाणता माणूस रात्रभर हवा. चुलवणं मांडवापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला खणा, चैत्रात सोसाट्याचा वारा सुटतो. पाण्याचा टँकर आदल्या संध्याकाळीच भरून उभा करा.

पत्रावळी पळसाच्या. थर्माकोलच्या 2018 पासून आणि प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या 2022 पासून राज्यात बंद आहेत, तरी दुकानदार देतो; घेऊ नका. उष्टं टाकायला मांडवाच्या दोन्ही तोंडांना दोन ट्रॉल्या लावल्या की वाटेत कुणी पान टाकत नाही.

भांडी. झारे, ओगराळी, पराती, बादल्या मोजून देणं आणि मोजून घेणं हे एकाच माणसाचं काम. दोघांना दिलं की झारा हरवतो.

गावात मयत झाली तर

आठ दिवसांत हे घडू शकतं, आधी ठरवून ठेवलेलं बरं. आमच्याकडे वीणा थांबत नाही, पण अंत्यविधी होईपर्यंत भोंगा बंद आणि पखवाज बंद, हरिनाम हळू आवाजात. सुतकातल्या घरांचे पहारे राखीव घरांकडे जातात. सांजेच्या दुरडीतल्या भाकरी आणि आमटीचं एक पातेलं आधी त्या घरी पोचतं, मग पंगत बसते. कीर्तन होतं, पण विनोद कमी ठेवा असं महाराजांना आधीच सांगावं.

हिशोब

आठ दिवसांच्या आत, त्याच ओट्यावर, जमा-खर्च मोठ्यानं वाचायचा आणि कागद पहाऱ्याच्या पुठ्ठ्याच्या जागी लावायचा. देणाऱ्यांची नावं रकमेच्या क्रमानं लिहू नका, घरांच्या क्रमानं लिहा. ज्यानं मांडवाचे खड्डे खणले त्याचं नावही त्यात येतं. उरलेलं धान्य कोठीत ठेवलं तर किडे होतात. आम्ही ते बचत गटातून बाजारभावानं विकतो आणि पैसे देवळाच्या खात्यात भरतो.

पुढच्या वर्षाचं एक काम मात्र हिशोबापर्यंत थांबवू नका. काल्याच्या पंगतीला सगळा गाव आलेला असतो, बाहेरगावची पोरंही असतात. तेव्हाच वही फिरवून रात्री बारा ते चारच्या 14 पहाऱ्यांना नावं घेऊन टाका. दिवसाचे पहारे नंतरही भरतात.